सासऱ्यांचे झाडवेड आणि सुनेची काळजी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सासरे बँकेतून निवृत्त झाले आणि चार वर्षांपूर्वी मालवण तालुक्यातल्या मूळ घरी राहायला गेले. तेव्हापासून ते पहाटे साडेचारला बॅटरी घेऊन परड्यात, म्हणजे घरामागच्या बागेत, फिरतात, झाडांशी बोलतात, प्रत्येक झाडाला त्यांनी नाव दिले आहे, दुसऱ्यांच्या कुंपणावरच्या फांद्या न विचारता मोडून आणतात, घरामागे रंगाचे रिकामे डबे, सिमेंटच्या पिशव्या आणि नारळाची सोडणे (वरची तंतुमय साले) यांचा ढीग घातला आहे, सकाळ-संध्याकाळ नळी धरून पाणी घालतात, दहा गुंठ्यांत तेवीस हापूस कलमे लावून बसले आहेत, आणि यंदा जूनमध्ये सख्ख्या भाच्याच्या लग्नाला ठाण्याला आले नाहीत. हे वयाचे लक्षण आहे, एकटेपणाचे आहे की आजाराचे, असे आपण विचारले आहे.

मी डॉक्टर नाही. वेंगुर्ल्याच्या बाजूला पस्तीस वर्षे कलमे बांधतो, रोपवाटिका चालवतो आणि लोकांच्या बागा पाहायला जातो. या काळात झाडांचे वेड लागलेली माणसे इतकी पाहिली की त्यांच्या तऱ्हांचे आता नवल वाटत नाही, आणि खरे सांगायचे तर त्यातल्या निम्म्या माझ्या स्वतःच्या अंगात आहेत. सवय विचित्र आहे की नाही, हा प्रश्न माझ्या मते बाजूला ठेवावा. त्या सवयीमुळे माणूस झाडाकडे नीट पाहतो, की झाडाच्या निमित्ताने स्वतःच्या मनाचे समाधान करून घेतो, एवढेच तपासावे. आपण दिलेल्या यादीत मला खटकणाऱ्या गोष्टी तीनच आहेत: नळी, तेवीस कलमे आणि सोडणांचा ढीग. बाकीचे त्यांना खुशाल करू द्यावे.

आधी माझे सांगतो, म्हणजे सासरे आपल्याला जरा कमी विक्षिप्त वाटतील. माझ्या सदऱ्याच्या खिशात कलमाचा चाकू कायम असतो, लग्नाच्या पंगतीतही असतो, आणि तो घरी ठेवून यावा म्हणून घरच्या मंडळींनी तीस वर्षे केलेले प्रयत्न वाया गेलेले आहेत. कोणतेही मरगळलेले झाड दिसले की मी नखाने त्याची साल जराशी खरवडून पाहतो. आत हिरवे ओले दिसले तर झाड जिवंत आहे, तपकिरी कोरडे दिसले तर ती फांदी गेली. हे मी देवळाच्या आवारात करतो, बँकेच्या दारातल्या कुंडीवर करतो, आणि एकदा मयतीला गेलो असता खळ्यातल्या बकुळीवर केले, तेव्हा शेजारच्या माणसाने माझा हात धरला. आंब्याचे कलम कोणत्या जातीचे आहे हे कळण्यासाठी पान चुरगळून हुंगणे, स्कूटर थांबवून अनोळखी माणसाच्या गडग्यावरून आत डोकावणे आणि पाहुण्यांच्या घरी गेल्यावर पडवीऐवजी आधी परड्यात जाणे, हेही आलेच. यातले एकही मला रोग वाटत नाही.

आता पहाटेची फेरी. साडेचार ही वेळ आपल्याला भयंकर वाटते, परंतु झाडांचे बरेचसे शत्रू रात्रपाळीचे असतात. आफ्रिकन गोगलगाय दिवसा दगडाखाली, पातेऱ्यात (गळलेल्या पानांत) लपते आणि अंधारात बाहेर पडून कोवळी रोपे मुळापर्यंत फस्त करते. ती हातमोजे घालून वेचावी आणि मिठाच्या पाण्यात टाकावी, याहून स्वस्त आणि खात्रीचा उपाय मला माहीत नाही. माडाचा गेंड्या भुंगाही रात्रीच उडतो. तो शेंड्याच्या न उमललेल्या सुईत, म्हणजे मिटलेल्या कोवळ्या पानात, शिरतो आणि मग ते पान उघडल्यावर कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखे दिसते. शेंड्याशी ताजा भुसा दिसला त्याच दिवशी तारेच्या आकड्याने भुंगा ओढून काढला तर माड वाचतो. आठ दिवसांनी पाहिले तर फक्त हळहळता येते. शिवाय पहाटेच्या ओलीत माती हुंगता येते. आपले सासरे मूठभर माती नाकाशी धरत असतील, तर तेही वेड समजू नका. निरोगी मातीचा तो पहिल्या पावसासारखा वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो आणि ते मातीतले सूक्ष्मजीव तयार करतात. त्याऐवजी आंबूस, कुजकट वास आला तर मुळांशी पाणी साचले आहे असे समजावे. हे ज्ञान नाकाला जितके लवकर होते तितके डोळ्याला होत नाही.

या फेरीबद्दल माझी एकच अट आहे आणि ती सुनेने हट्टाने पाळून घ्यावी. अनवाणी किंवा चपलेवर जाऊ देऊ नका. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट विकत आणून द्या. आपल्या किनारपट्टीवर फुरसे फार, ते जांभ्या दगडाच्या रंगात मिसळून जाते आणि पातेऱ्यात पाय पडेपर्यंत दिसत नाही. पावसाळ्यात तळपायाला भेगा असताना चिखलात फिरणे लेप्टोच्या (उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाच्या) दृष्टीनेही वाईटच, तेव्हा बूट हवेतच.

झाडांना नावे देण्याची सवय तर कोकणात वेड म्हणून मोजतच नाहीत. माणसाला नावे ठेवणारा गाव झाडाला नाव ठेवतो तेव्हा मात्र प्रेमाने ठेवतो. प्रत्येक जुन्या घराच्या रायवळ आंब्यांना नावे असतात: बावीवरचा, दारचा, शेंदऱ्या, खोबऱ्या, गोटी. यामागे व्यवहार आहे. हापूसची कलमे एकाच झाडाच्या काड्यांपासून बांधलेली असल्याने ती सगळी एकसारखी; रायवळ मात्र बाठ्यापासून (कोयीपासून) उगवतो, म्हणून प्रत्येक झाड वेगळ्या चवीचे, वेगळ्या वेळी पिकणारे आणि वेगळ्या खोडीचे निघते. नाव दिल्याशिवाय त्याची नोंद राहणार कशी? सासऱ्यांना एक जाड वही आणून द्या आणि नावापुढे लागवडीचे साल, मोहर कधी आला, पहिले फळ कधी उतरवले एवढे लिहायला सांगा. पाच वर्षांनी ती वही कोणत्याही छापील माहितीपेक्षा त्या परड्याला अधिक उपयोगी पडेल. जाता जाता सांगतो, हापूसचा बाठा पुरून हापूस येईल या आशेने कुंड्या भरणारी माणसेही मी पुष्कळ पाहिली आहेत. तसा हापूस येत नाही, कारण बाठ्यातले रोप परागसंकरातून आलेले असते. तरीही मी त्यांना हसत नाही. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून निघालेला रत्ना (१९८१), आणि पुढे रत्ना व हापूस यांच्या संकरातून निघालेला पातळ कोयीचा सिंधू, हे दोन्ही वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात कोणीतरी बाठ्यापासून वाढवलेली रोपे वर्षानुवर्षे नजरेखाली ठेवली म्हणूनच मिळाले.

झाडांशी बोलण्याविषयी आपण विशेष काळजीने लिहिले आहे. झाडाला शब्द कळतात असे मी म्हणणार नाही. परंतु बोलणारा माणूस झाडापाशी दोन मिनिटे उभा राहतो, आणि त्या दोन मिनिटांत पानामागचे तुडतुडे, खोडातून पडलेला खोडकिड्याचा भुसा, वाळू लागलेला शेंडा त्याच्या नजरेस पडतो. न बोलणारा चालता चालता पाणी मारून पुढे जातो. माझ्या ओळखीची एक म्हातारी आजी म्हणायची, "झाडाक माणसाचो वास कळता." वास कळतो की नाही कोण जाणे, तिच्या परड्यात मात्र कीड वेळेवर सापडायची.

बोलण्याचाच एक उग्र प्रकार आमच्या वाडीत होता. ग्रहण लागले की न फळणाऱ्या फणसाला, आंब्याला मुसळाने ठोकायचे आणि "औंदा धरलंस नाय तर तोडून टाकीन" असा दम द्यायचा. लहानपणी मीही ठोकले आहे. गंमत म्हणजे याचा कधी कधी गुण येत असे, आणि त्यात ग्रहणाचा काही संबंध नव्हता. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली मुळांकडे जाते. तो थर ठेचला गेला तर काही काळ ते अन्न वरच्या फांद्यांत साठते, आणि साठा वाढलेल्या फांदीला फुलोरा येण्याची शक्यता वाढते. मात्र मार जास्त बसला तर त्याच जखमेतून खोडकिडा शिरतो, आणि सर्व बाजूंनी साल गेली तर झाड मरते, म्हणून मुसळ माजघरातच बरे. आज त्याच हौसेने लोक पॅक्लोब्युट्राझॉल या पालवी रोखून मोहर आणणाऱ्या औषधाची बाटली आणतात. ते औषध वाईट नाही. १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या सुमारास झाडाच्या विस्ताराचा व्यास मोजून, त्या हिशेबाने मुळांशी द्यायचे असते. पण कोवळ्या किंवा अशक्त झाडाला दिले, किंवा "जरा जास्त घालू या" म्हणून अंदाजे ओतले, तर झाड खुरटते आणि ते भरून यायला वर्षे लागतात. सासऱ्यांच्या चार वर्षांच्या कलमांना ते अजिबात देऊ देऊ नका.

चोरलेल्या फांद्यांबद्दल मी काय बोलावे! चोरून आणलेले रोप जगते आणि मागून आणलेले मरते, हा समज आमच्याकडे इतका पक्का आहे की प्रामाणिक माणसेही मुद्दाम डोळा चुकवून फांदी मोडतात आणि मालक पाहून न पाहिल्यासारखे करतो. मला वाटते याचे कारण सरळ आहे. चोरी बहुधा पावसाळ्यात, कातरवेळी होते, फांदी लहान असते, आणि पकडले जाण्याच्या भीतीने माणूस तडक घरी येऊन ती मातीत खोचतो. हवेत ओल, ऊन नाही, छाट ताजा. फांदीला मुळे फुटायला याहून अनुकूल काय हवे? उलट मागितलेली फांदी मालक भरघोस, पाना-फुलांसकट तोडून देतो, मग चहा होतो, मग ती वर्तमानपत्रात गुंडाळलेली फांदी मोटारसायकलच्या पिशवीत अर्धा दिवस उन्हात फिरते आणि घरी पोहोचेपर्यंत मान टाकते.

धोका आहे तो वेगळाच. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका घराच्या कुंपणावरची दुहेरी पाकळ्यांची फिकट केशरी जास्वंद मला इतकी आवडली की मी हातभर फांदी मोडून आणली आणि सरळ रोपवाटिकेतल्या सावलीत लावली. फांदीच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा ठिपका होता तो मी पाहिला नाही. दीड महिन्यात माझ्याकडच्या सगळ्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पसरला, दोनशेच्या वर रोपे जाळावी लागली, आणि ती केशरी जास्वंद स्वतः मात्र काही जगली नाही. तेव्हापासून बाहेरून आलेले प्रत्येक रोप, विकत घेतलेले असो वा "मिळालेले", तीन आठवडे इतरांपासून लांब विहिरीच्या कट्ट्यावर राहते. सासऱ्यांना चोरी सोडायला सांगू नका, ते ऐकणार नाहीत; ही तीन आठवड्यांची शिक्षा मात्र फांदीला जरूर द्यायला लावा.

जूनमधल्या लग्नाचे आपल्याला फार लागले आहे, हे पत्रावरून दिसते. भाच्याला वाईट वाटले असणार, यात शंका नाही. परंतु मृग नक्षत्र ७ जूनच्या आसपास लागते आणि तिथून पुढचे काही आठवडे झाडवेड्या माणसासाठी वर्षातले सर्वांत मोलाचे असतात. कोय कलमाचेच उदाहरण घ्या. बाठा रुजून वर आलेले रोप तांबूस कोवळ्या पानांचे, पंधरा दिवसांच्या आतले असावे लागते. त्याच वेळी मातृवृक्षावरची काडी तीन-चार महिन्यांची, पेन्सिलीएवढी जाड आणि डोळा फुगलेली हवी, आणि तो डोळा फुगावा म्हणून तिची पाने आठ-दहा दिवस आधी कापून ठेवलेली हवीत. रोपाला मधोमध चीर द्यायची, काडीला पाचरीसारखा तास द्यायचा, साल सालीला लावून पट्टी घट्ट गुंडाळायची. रोप चार दिवस जास्त वाढले की देठ कडक होतो आणि कलम लागत नाही. अशा वेळी तीन दिवस ठाण्याला जाणे म्हणजे सुगीत गाव सोडण्यासारखे आहे. माझ्या स्वतःच्या मेव्हण्याचे लग्न १० जूनला होते. मी गेलो, आणि त्या वर्षी पाचशे काड्या वाळून गेल्याचे आजही विसरलेलो नाही, हे मी फक्त इथेच कबूल करतो. पुढच्या वेळी घरातले कार्य मे महिन्याच्या मध्यापर्यंत उरकता आले तर पाहा, किंवा सरळ दिवाळीनंतर ठेवा.

स्वयंपाकघरातल्या उद्योगांविषयी आपण लिहिलेले नाही, पण ते असणारच. मासे धुतलेले पाणी झाडांना घालणे ही चांगली चाल आहे, त्यात नत्र असते. फक्त मांजरे आणि मुंगूस उकरतात म्हणून त्यावर माती ओढावी. चहाचा चोथा साखर धुऊन टाकावा, नाही तर मुंग्या येतात आणि मुंग्यांच्या पाठोपाठ मावा. अंड्याची टरफले अख्खी टाकली तर ती वर्षभर तशीच दिसतात. पूड केली तर आपल्या आम्लधर्मी लाल मातीत थोडाफार उपयोग होतो. माडाच्या आळ्यात मीठ घालण्याला मात्र पुष्कळ सुशिक्षित माणसे हसतात आणि तिथे ती चुकतात. माडाला क्लोराइडची खरोखर गरज असते, आणि फिलिपिन्समध्ये तर मीठ हे माडाचे खत म्हणून वापरले जाते. पण समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या परड्यात खारा वाराच ते काम करतो, त्यामुळे किनाऱ्यालगत वेगळे मीठ घालण्याची निकड नाही. मीठ आंब्याच्या, मोगऱ्याच्या बुंध्याशी पडता कामा नये. आंब्याला ते मुळीच सोसत नाही.

आता नळीकडे येतो. बागेवर सर्वाधिक प्रेम करणारी माणसे सर्वाधिक झाडे पाण्याने मारतात, हे मी पस्तीस वर्षांच्या अनुभवावरून लिहितो आहे. नळी धरून उभे राहण्यात मोठे सुख आहे. हातून काहीतरी झाले असे वाटते, मातीचा रंग बदलतो, पाने चमकतात, मन शांत होते. हे सगळे नळी धरणाऱ्याला मिळते, झाडाला नव्हे. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. आळे सतत ओले राहिले की मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरतात, मुळे गुदमरतात, कुजू लागतात आणि मग गंमत अशी होते की भर पाण्यात उभे असलेले झाड दुपारी सुकल्यासारखे दिसते, कारण पाणी ओढून घ्यायला चांगली मुळेच उरलेली नसतात. ते पाहून प्रेमळ माणूस आणखी पाणी घालतो. खालची पाने निस्तेज पिवळी पडणे, नवी पाने लहान येणे आणि माती ओली असताना झाड मलूल दिसणे, ही तिन्ही चिन्हे एकत्र दिसली तर नळी लपवून ठेवावी.

कातळावरच्या उताराच्या जमिनीत पाणी टिकत नाही, पण घराजवळचे परडे बहुधा सखल, पिढ्यान्‌पिढ्या पातेरा आणि शेण पडून भारी झालेले असते. तिथे पाणी घालण्यापूर्वी आळ्याच्या कडेला वीतभर खड्डा करून बोटाने माती दाबून पाहावी. लाडू वळला तर त्या दिवशी पाणी नाही. आळ्यात पातेऱ्याचे चार बोटे जाड आच्छादन घातले, बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी ठेवून, तर उन्हाळ्यातही दिवसातून दोनदा पाणी द्यावे लागत नाही. नव्या कलमांना पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात पाणी लागतेच, ते नाकारू नका.

मोठ्या हापूसची गोष्ट निराळी आहे, आणि सासऱ्यांची कलमे फळाला आली की हे त्यांना समजावणे आवश्यक ठरेल. पाऊस संपल्यावर आंब्याच्या फांदीला विश्रांती हवी असते. जमीन कोरडी होत गेली आणि रात्री थंड पडू लागल्या की पक्व झालेल्या काडीतून मोहर निघतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरपूर पाणी दिले तर झाडाला वाटते पावसाळा चालूच आहे, आणि मोहराच्या जागी पालवी येते. मग घरचा माणूस म्हणतो, इतके पाणी घालूनही धरले नाही! धरले नाही ते पाणी घातल्यामुळे. फळे वाटाण्याएवढी झाली की मग पंधरा दिवसांच्या अंतराने झाडामागे १५० ते २०० लिटर पाणी तीन-चार वेळा द्यावे, त्याने गळ कमी होते. गळ अजिबात थांबणार नाही, हेही आधीच सांगून ठेवा. एका मोहरात हजारभर फुले असतात आणि शेवटी एखाददुसरे फळ टिकते. रोज सकाळी खाली पडलेल्या कैऱ्या मोजून उदास बसणारी माणसे मी पाहिली आहेत.

पाण्याची सवय बोलून सुटत नाही, कारण ती झाडांसाठी नसतेच. तिच्या जागी दुसरे काम द्यावे लागते. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या मुलाने वडिलांची नळी काढून घेतली आणि त्यांना दहा लिटरची एक बादली दिली. विहिरीपासून प्रत्येक झाडापर्यंत बादली वाहून न्यायची म्हटल्यावर कोणत्या झाडाला खरोखर पाणी हवे आहे, याचा विचार ते आपोआप करू लागले. वय आणि कंबर पाहून बादलीचा आकार ठरवा.

तेवीस कलमांचा प्रश्न अधिक अवघड आहे. हिशेब अगदी सोपा आहे: हापूसची जुनी शिफारस दहा बाय दहा मीटर अंतराची, म्हणजे शंभर चौरस मीटर, म्हणजे साधारण एक गुंठा. एका कलमाला एक गुंठा. दहा गुंठ्यांत दहा कलमे, तीही माड, पोफळी, घर आणि विहीर सोडून. माडाला साडेसात मीटर अंतर लागते, तेव्हा एका गुंठ्यात दोन माडही जेमतेम बसतात. आज चार वर्षांची कलमे पुरुषभर उंच असतील आणि मधली जागा मोकळी, उगाच पडीक वाटत असेल. लावणाऱ्याला नेहमी आजचे रोप दिसते, पंधरा वर्षांनंतरचा घेर दिसत नाही. घेर भिडला की आत ऊन शिरत नाही, तुडतुडे आणि भुरी वाढतात, फांद्या उजेडासाठी उंच पळतात, आणि मोहर फक्त शेंड्यावर येतो, जिथे झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) पोहोचत नाही. दाट लागवडही करतात, पण ती दरवर्षी नियमाने छाटणाऱ्याने करायची असते, आणि झाडवेड्या माणसाच्या हातून छाटणी होत नाही. तो वाळकी फांदीसुद्धा "अजून फुटेल" म्हणून ठेवतो. बांडगुळाला फूल आले म्हणून ते न काढणारे गृहस्थ मला माहीत आहेत. फुलटोच्या पक्षी ते चिकट बी फांदीफांदीवर पुसत जातो आणि बांडगूळ वाढत जाते, तरी यांचा हात उठत नाही. (बांडगूळ नुसते ओरबाडून उपयोग नसतो, कारण त्याची मुळे लाकडात गेलेली असतात, खालच्या फांदीच्या तुकड्यासह कापावे आणि कापावर मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट लावावी.)

अशा माणसाला "झाड तोड" म्हणू नये. "बदली कर" म्हणावे. चार वर्षांचे कलम मोठ्या मातीच्या गड्ड्यासह, पावसाच्या सुरुवातीला हलवता येते. सगळी जगतील याची हमी नाही, परंतु निम्मी जगली तरी मनाला बोचत नाही. कोणते कोणाला द्यायचे हे त्यांनाच ठरवू द्या. शेजाऱ्याच्या सड्यावर, शाळेच्या आवारात, भाच्याच्या गावच्या जमिनीत. लग्नाला न आल्याची भरपाई म्हणून एक हापूस कलम ही काही वाईट भेट नाही.

ढिगाचे मात्र हसण्यावारी नेऊ नका. उपयोगी पडेल म्हणून काहीही न टाकणे हा या जमातीचा सर्वत्र आढळणारा गुण आहे, आणि सोडणे खरोखर उपयोगी असतातही. ओली करून आळ्यात पालथी मांडली तर ती चांगली ओल धरतात. परंतु महिनोन्‌महिने घराच्या भिंतीला लागून पडलेली सोडणे, कौले आणि जांभ्याचे तुकडे म्हणजे लाल विंचवाचे घर. लाल विंचवाचा दंश कोकणात एके काळी किती जीवघेणा होता आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून त्यातले मृत्यू किती कमी केले, हे आपण ऐकले असेल. दंश झाला, घाम सुटू लागला, हातपाय गार पडले तर घरगुती उपायांत एक मिनिटही न घालवता रुग्णालय गाठावे. जुन्या शेणखताच्या आणि कुजक्या ओंडक्यांच्या ढिगात गेंड्या भुंग्याच्या अळ्या पोसल्या जातात, म्हणजे पहाटे ज्या किड्याला ते शोधत फिरतात त्याचे पाळणाघर त्यांनीच घरामागे उघडलेले असते. हे त्यांना याच शब्दांत सांगा; विंचवाला न घाबरणारा माणूस माडासाठी ढीग हलवील. ढीग घरापासून वीस-पंचवीस पावलांवर न्यावा, काठीने उलथावा, हात घालू नये.

एकटेपणाचे म्हणाल, तर एक गोष्ट पाहा. गणपतीला माटवी (मूर्तीवर टांगायची रानफुला-फळांची चौकट) बांधायची वेळ येते तेव्हा तिला लागणाऱ्या कवंडाळ, कांगले, हरण, शेरवड या रानवनस्पतींसाठी वाडीतली माणसे त्यांच्याकडे येतात का? आलेला माणूस हातात एखादे रोप घेऊन परत जातो का? ज्याच्या परड्यातून लोक काही ना काही नेतात तो एकटा नसतो, आपल्याला ठाण्याहून तसा दिसतो इतकेच. काळजी करावी असे चिन्ह वेगळे आहे: स्वतः ठेवलेली झाडांची नावे ते विसरू लागले, काल लावलेले रोप आज कोठे लावले हे पुन्हा पुन्हा शोधू लागले, किंवा पहाटेची फेरी कारण नसताना बंद झाली, तर विलंब न करता डॉक्टरांना दाखवा.

पत्राच्या शेवटी आपण सहज लिहिले आहे की त्यांनी दिलेल्या अनंताच्या कुंडीत रोज ऑफिसला निघण्यापूर्वी कळ्या मोजता, आणि सोमवारी अकरा होत्या त्या गुरुवारी सात राहिल्या. कुंडी खिडकीपासून बाल्कनीत आणि परत अशी हलवत असाल तर ते ताबडतोब थांबवा. अनंताला जागा बदललेली सोसत नाही. एक दिवस कोरडे आणि एक दिवस तुडुंब असे पाणी झाले तरी कळी गळते. सकाळचे ऊन मिळेल अशा एकाच जागी कुंडी ठेवा, माती बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत कोरडी लागली तरच पाणी द्या, आणि नवी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडत असतील तर मातीचा आम्लपणा कमी झाला आहे असे समजून गावाहून पिशवीभर लाल माती मागवा. सासरे ती आनंदाने पाठवतील, आणि सोबत न मागितलेली आणखी दोन रोपेही येतील. ती मात्र तीन आठवडे वेगळी ठेवा.